दोन महिन्यांचं माहेर

मला आयुष्यात ज्यांच्याकडून सगळ्यात जास्त मिळालं, ते भूमच्या शाळेतले आमचे मौलवीसाहेब. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. भूमची जुनी माणसं एवढ्यावरूनही त्यांना ओळखतील.

आमचं घर धनगराचं. पाऊसकाळ सरला की मेंढरं घेऊन बाहेर पडायचं आणि पुढच्या मिरगाला परतायचं, असा वडिलांचा शिरस्ता. मला थोडं लिहावाचायला येऊ लागलं आणि त्यांनी मला शाळेतून काढून मेंढरांमागं लावलं. काही दिवसांनी मौलवीसाहेब आमचा मुक्काम विचारत विचारत चालत आले. शेरवानीला सगळीकडून कुसळं लागली होती. ते वडिलांसमोर घोंगडीवर बसले आणि म्हणाले, "पोरगा मला द्या."

वडील म्हणाले, "मौलीसाब, पोरगं शिकाया गेलं तर मेंढरं कुणी राखायची?"

"तुम्ही राखा. तुम्हाला देवाच्या दयेनं अजून दहा पोरं होतील. मला असा विद्यार्थी एकच मिळालाय."

चुलीपाशी बसलेली आई तिकडूनच म्हणाली, "दहा? त्यास्नी म्हणावं, त्यातली चार तुमच्या घरी होऊ द्या."

मौलवीसाहेब एवढे हसले की त्यांना ठसका लागला. वडिलांनी त्यांना पाणी दिलं आणि मग मलाही त्यांच्या हवाली केलं.

मी त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत राहिलो. आमच्या भाऊबंदांनी नावं ठेवू नयेत म्हणून त्यांच्या पत्नीनं, म्हणजे चाचींनी, माझ्यासाठी अंगणात वेगळी चूल मांडून दिली. मला भाकरी करता येत नव्हती. चाची उंबऱ्यावर बसून, पिठाला हात न लावता, नुसत्या तोंडानं मला भाकरी शिकवत. "पाणी कम, बेटा. अब थाप. अरे, थाप म्हणलं, मार न्हाय." पुढं भाऊबंद विसरले आणि मी आत जेवायला लागलो, पण भाकरी माझी मीच करायचो.

त्या काळी आमच्याकडं निजामाचं राज्य, सगळा कारभार उर्दूत होता. संध्याकाळी मौलवीसाहेबांच्या ओट्यावर अर्ज लिहून घ्यायला खेड्यांतली माणसं येत. अर्ज लिहून झाला की ते तो कागद ज्याचा त्याला मोठ्यानं, वाचता वाचता मराठी करून, ऐकवत. "हे तुझंच बोलणं ना?" असं विचारत. त्यानं मान हलवल्याशिवाय अंगठा घेत नसत. कधी एखादा म्हणायचा, "असं न्हाय म्हणलो म्या." मग तो कागद बाजूला जायचा आणि नवा कागद निघायचा. मला त्या वयात हा वेळेचा नाश वाटायचा.

त्यांच्याच चिठ्ठीवर मी हैदराबादला शिकायला गेलो आणि आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो. विलीनीकरणाच्या आगेमागे आमच्या भागात जे घडलं त्याबद्दल लिहायला मी योग्य माणूस नाही. शाळेची भाषा बदलली, कचेरीची भाषा बदलली, आणि मौलवीसाहेब व चाची हैदराबादला मुलीकडे राहायला गेले. त्यानंतर आमची भेट पत्रांतूनच.

मला तुळजापूरच्या विकास गटात समाजशिक्षण संघटकाची नोकरी लागली. नाव शिक्षणाचं होतं. काम मात्र घराघरांतलं होतं. महिला मंडळं आणि बालवाड्या चालवायच्या हे तर नेमून दिलेलंच. पण ज्या कागदाला दुसरं खातं नव्हतं तोही माझ्याच टेबलावर यायचा. नवऱ्यानं टाकलेली बाई, आईबाप नसलेली भावंडं, आणि दारूबंदी आल्यावर सिंदीची ताडी सुटली म्हणून हात थरथरणारे, रात्ररात्र न झोपणारे बाप्ये. आणि वेडे. वेड लागलेल्या माणसाला आमच्याकडे दर्ग्यात नाहीतर देवळात नेत. तिथंही गुण आला नाही आणि माणूस रस्त्यावर फिरू लागला की पोलीस त्याला तहसीलदारांपुढं उभं करत. तहसीलदार माझ्याकडून घरची चौकशी मागवत आणि त्यावरून त्याला पुण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात धाडायचं की घरी, ते ठरवत. पूर्वी ही माणसं हैदराबादला जात, आता पुण्याला. तिथल्या डॉक्टरांबद्दल माझी काही तक्रार नाही. पण आमच्या भागातून पुणं फार लांब होतं. तिकडे गेलेल्या माणसाला भेटायला कुणी जात नसे, आणि बरा झाला तरी आणायला कुणी जात नसे.

अशा कागदांत एक कागद अणदूरच्या एका सुनेचा आला. तिचं माहेर नळदुर्गचं. दोन्ही गावं सोलापूर–हैदराबादच्या सडकेवर. पहिली मुलगी चार वर्षांची होती. दुसरं बाळ जन्मल्यावर काही दिवसांतच गेलं आणि तेव्हापासून बाईचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. जेवायची नाही, झोपायची नाही, आणि कुणाचं लक्ष नाही असं पाहून घरातून निघून सडकेनं चालायला लागायची. कधी नळदुर्गच्या दिशेनं, कधी अर्ध्यातून परत. एकदा ती सडकेच्या मधोमध बसली. दोन्ही बाजूंना ट्रक थांबले, एक ट्रक खड्ड्यात उतरला, आणि पोलिसांनी तिला आणून कचेरीत बसवलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला पाहिलं. त्यांनी मला सांगितलं, "बाळंतपणानंतर असा उन्माद होतो. काहींचा ओसरतो, काहींचा राहतो. झोपेचं औषध मी देतो. पण कुणीतरी जवळ बसून खाऊ घालायला पाहिजे, ते औषधाच्या बाटलीत नसतं."

मी दोन्ही घरं पाहिली. अणदूरला नवरा खाली मान घालून बसलेला. बोलली ती त्याची आई. उंच, सडपातळ, आवाज खणखणीत.

"सायेब, म्या सहा म्हैने तिच्यापाठी पळतीय. रानात जाऊ का तिला धरू? ही बारकी पोरगी सांभाळू का तिची आई सांभाळू? एकदा दाव्यानं बांधली व्हती. बांधली तवा पोरगी दाराशी बसून राह्यली, जेवली न्हाय. म्हणून सोडली. आता न्हाय व्हत माझ्याच्यानं. माहेरच्यांनी न्यावं."

नळदुर्गला तिच्या भावाचं सडकेलगत चहाचं हॉटेल होतं. ट्रकवाले तिथं थांबायचे. तो मला चहा देऊन हळू आवाजात म्हणाला, "बहीण हाय, माया न्हाय असं न्हाय. पर दिलेली लेक. तिचं घर अणदूर. आमी ठिवून घेतली तर लोक म्हणतील, नांदवीना म्हणून आणली. आन् हितं म्होरंच सडक. उद्या ट्रकखाली गेली तर?"

कचेरीत परत येऊन मी अहवाल लिहिला. सासर सांभाळण्यास असमर्थ, माहेर सांभाळण्यास नाखूश, सबब पुण्यास पाठवावे. तहसीलदार पश्चिम महाराष्ट्रातून बदलून आलेले, कामाला चोख गृहस्थ होते. त्यांनी सोमवारी कागद हजर करा म्हणून सांगितलं. कागद हजर झाला असता तर ती बाई त्या आठवड्यात पोलिसांबरोबर पुण्याला गेली असती आणि तिची मुलगी आईविना वाढली असती. यात मला शंका नव्हती, आणि दुसरा मार्गही दिसत नव्हता.

कागद देण्याआधी मी तो घेऊन अणदूरला गेलो. ही मौलवीसाहेबांची सवय माझ्यात उतरली होती. ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला ते वाचून दाखवल्याशिवाय मला सही करवत नसे. नळदुर्गच्या भावालाही बोलावून घेतलं. अंगणात शेजारचे दहा-पंधरा जण आपणहून येऊन बसले. बाई ओसरीच्या खांबाला टेकून बसली होती, मुलगी तिच्या मांडीवर. मी वाचलं.

'असमर्थ' म्हणजे काय ते मी सांगितलं. 'नाखूश' कुणाला सांगावं लागलं नाही.

मग सासू उठली. मला वाटलं, माझ्यावर येणार. पण ती भावाकडं वळली.

"आईकलं का, पाव्हणं? कागदावर आलं. आता सरकारला म्हाईत झालं, नळदुर्गचे लोक बहिणीला नाखूश हायेत म्हणून."

"तुमचं बी आलंय की, मावशी. असमर्थ."

"असमर्थ म्हंजी थकली. थकली म्हणाया मला लाज न्हाय. म्या राबून थकले. तुमी बसून नाखूश झालाव."

"मावशी, तोंड आवरा."

"का आवरू? देवाला दोन गावं सांभाळत्यात. आदराचं आमंत्रण न् पालखी काय, वाजंत्री काय! आन् एका बाईला दोन घरं मिळून सांभाळीनात?"

हे बोलणं आमच्या भागातल्या कुणालाही लगेच कळेल. अणदूर आणि नळदुर्गचा खंडोबा एकच. मूर्ती वर्षातले बहुतेक महिने अणदूरच्या देवळात असते. मार्गशीर्षात पालखी निघते आणि देव नळदुर्गला जातो. पौषातली जत्रा झाली की परत अणदूरला. दोन्ही गावचे मानकरी एकत्र बसून तसा करार करतात. देव नेला की वेळेवर परत आणून पोचवायचा, यात कुणी कधी कुचराई करत नाही.

भाऊ सावरून बसला. मग म्हणाला, "बरं मावशी. तुमीच बोललाव. देवापरमानं करू."

"करा की!"

"देव आमच्याकडं दोन म्हैने असतो."

सासूच्या तोंडाचा चंबू झाला. रागाच्या भरात ती वाटा विसरली होती. अंगणात पहिल्यांदा कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळेच हसले. एक म्हातारा म्हणाला, "आगं, तूच घालून घेतलंस की तुज्या गळ्यात! दहा म्हैने तुजे!"

"व्हय, बोलले म्या," सासू खाली बसत म्हणाली. "बोलले ते बोलले. दहा तर दहा. पर दोन म्हंजी दोन. एक दिस कमी चालायचं न्हाय. आन् पोरगी बी संगं जाईल. मला तेवढे दोन म्हैने नीट झोपू द्या, बाबांनो."

नवरा पहिल्यांदाच बोलला, "न्यायला मी येईन."

मी तो कागद परत खिशात घातला. पण सोमवारी तहसीलदारांना काय सांगायचं हा प्रश्न होताच. मी सगळं सांगितल्यावर त्यांनी हातातली लेखणी खाली ठेवली.

"संघटक, तुमचा देव माझ्या कायद्यात बसत नाही."

"नाही साहेब."

"कायद्याला जबाबदार माणूस एक लागतो. आणि वर्षभरात काही झालं तर?"

"सासू हमी द्यायला तयार आहे. दर वर्षी मी चौकशी करून कळवीन. दोन्हीपैकी एका घरानं जरी हात काढून घेतला, तर मग पुण्याचा हुकूम काढावा."

त्यांनी तसा शेरा मारला. सासूचा अंगठा घेताना मी तो शेराही वाचून दाखवला. ती म्हणाली, "कळलं. माझ्या अंगठ्यावर तिचा जीव हाय. शाई जरा चांगली लावा."

त्या वर्षी मार्गशीर्षात पालखी निघाली, तेव्हा अणदूरची माणसं देवाबरोबर त्या बाईचीही आठवण ठेवून होती. भाऊ बैलगाडी घेऊन आला. तो मायेनं आला की लाजेनं, हे मी विचारलं नाही. नळदुर्गात त्या दोन महिन्यांत जो तो त्याच्या हॉटेलात चहा पिताना विचारायचा, "बहीण कशी हाय?" त्याला उत्तर द्यावं लागायचं, म्हणून त्याला ती कशी आहे हे बघावं लागायचं. जत्रा झाली, देव अणदूरला परत आला, तसा नवरा येऊन मायलेकींना घेऊन गेला.

मी या खात्यात पुढं पुष्कळ वर्षं काढली. घरं माणसाला का टाकतात याचा मी जेवढा विचार केला तेवढा दुसऱ्या कशाचा केला नाही. आधी मला वाटायचं, लोकांना माया नसते, नाहीतर अक्कल नसते. सासूनं माझं हे मत बदललं. तिचा कंटाळा कामाचा नव्हता. हे काम कधीच संपणार नाही, याचा होता. पालखी निघाली की दोन महिने सुटका हे ठरलं, आणि त्याच बाईनं दहा महिने कुरकुर न करता काढले. तिनं सुनेला शेंगा फोडायला शेजारी बसवायला सुरुवात केली. सून फोडायची, अर्ध्या टाकून उठायची, परत यायची. सडकेवर जाणं कमी झालं, पण थांबलं नाही. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. मी पुढं जिथं जिथं काम केलं तिथं अशा घरांसाठी पहिली गोष्ट हीच शोधायचो, की याचा भार थोडे दिवस दुसरं कोण घेईल, आणि ते दिवस आधी ठरवून ठेवता येतील का. सगळीकडं खंडोबा नव्हता. काही ठिकाणी जमलं, पुष्कळ ठिकाणी नाही.

दुसरं वर्ष तसंच पार पडलं. तिसऱ्या वर्षी, पालखीला थोडेच दिवस उरले असताना, भावाचा निरोप आला. त्याच्या मुलीला पाहायला उमरग्याकडचे लोक येणार होते, नेमके त्याच महिन्यात. घरात वेडी आत्या दिसली तर सोयरीक मोडेल. या वर्षी बहिणीला धाडू नका.

मी नळदुर्गला जाऊन त्याच्याशी बोललो. त्याचा आवाज चढला नाही. "सायेब, तुमाला लेक हाय का? न्हाय? मग तुमाला काय सांगू." त्याची अडचण खरी होती. सासूकडे गेलो तर तिला आता डोळ्यांनी कमी दिसू लागलं होतं. ती म्हणाली, "म्या त्याच्यासाठी थांबले न्हाय, सायेब. त्या दोन म्हैन्यांसाठी थांबले. आता न्हाय म्हणला तर माझा बी अंगठा माघारी घ्या." तहसीलदारांचा शेरा स्पष्ट होता. मी पुन्हा एकदा पुण्याचा कागद लिहायला घेतला.

पुढं काय झालं ते मी त्याच आठवड्यात मौलवीसाहेबांना पत्रानं कळवलं. पत्र उर्दूत होतं. त्याचा कच्चा खर्डा माझ्याकडं राहिला, तो इथं मराठीत उतरवतो.

"आदरणीय मौलवीसाहेब आणि चाची यांना सलाम.

तुमचं पत्र पोचलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढं ढकलू नका, चाचींचं ऐका.

मागच्या पत्रात ज्या बाईबद्दल लिहिलं होतं तिची हकीकत सांगतो. तिच्या भावानं नकार कळवला आणि मी पुण्याचा कागद तयार केला. तुमच्या पद्धतीनं तो वाचून दाखवायला पालखीच्या दिवशी अणदूरला गेलो. वाचायची वेळच आली नाही. घरी कुणी नव्हतं, सगळे पालखीला गेले होते. मीही गेलो. पालखी निघाली तेव्हा मागं बायकांचा घोळका होता, आणि त्यात ती होती. हातात गाठोडं, दुसऱ्या हातात मुलगी. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं दोन वर्षं पाहिलं होतं की देव निघाला की आपण निघतो. भाऊ गाडी घेऊन आला नाही हे तिला कळलं की नाही, मला माहीत नाही. सासूनं पाहिलं, पण अडवलं नाही. माझ्याकडं बघून एवढंच म्हणाली, 'निघाली.'

मीही चालत गेलो. ज्या सडकेवर तिला पकडून आणायचे त्याच सडकेवर त्या दिवशी एवढी माणसं चालत होती की ट्रक आपणहून थांबले होते. तिला कुणी वेडी म्हटलं नाही. एका बाईनं तिच्या मुलीचा दुसरा हात धरला.

नळदुर्गच्या शिवेवर गाव देवाला सामोरं आलं होतं, त्यात तिचा भाऊ होता. बायकांनी त्याला म्हटलं, 'आरं, बहीण आली की तुजी.' त्याचा चेहरा मी पाहिला, मौलवीसाहेब. त्याला दोष देणं मला जमलं नाही. मी त्याच्या घरापर्यंत गेलो, कारण दार उघडलं नाही तर मला तो कागद द्यावाच लागणार होता. दार बंद होतं. ती उंबऱ्याबाहेर बसली. थोड्या वेळानं तिची भावजय तांब्या आणि भाकरतुकडा घेऊन बाहेर आली. नणंदेवरून आणि भाचीवरून तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं आणि अंगणात येऊन उभ्या राहिलेल्या नवऱ्याकडं न बघता म्हणाली, 'आत या वन्सं. सोयऱ्यास्नी यायचं तर येऊ द्या, न्हाय तर न्हाय.'

सोयरीक जमली की मोडली, ते अजून कळलेलं नाही. मोडली तर पुढच्या वर्षी ते दार उघडेल का, मी सांगू शकत नाही. भावाच्या त्या मुलीचं काही वाईट झालं तर त्यात माझाही हात आहे, हे मनातून जात नाही. बाई बरी झाली असंही मी म्हणत नाही. आज सकाळी मी तिकडं गेलो होतो. ती चुलीपाशी बसून भावजयीला विचारत होती की मिठाचा डबा कुठं ठेवलाय. भावजय म्हणाली, 'मागल्या वर्सी व्हता तितंच.'

तहसीलदारांना या वर्षी दोन्ही घरं सांभाळत असल्याचं कळवलं आहे. पुण्याचा कागद पाठवला नाही.

चाचींना सलाम. उत्तर मुलीकडून लिहून घ्या, डोळ्यांना ताण देऊ नका.

आपला विद्यार्थी"